डाव्या काचेचा नंबर

प्रिय दुसऱ्या,

संग्रहालयातल्या कपाटात गेली दोन वर्षं मिरवणारा तो काळा गॉगल खोटा आहे. ही गोष्ट काल दुपारी सव्वातीनला माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघड झाली, आणि ज्या मुलीवर त्या कपाटाची जबाबदारी आहे तिने ती स्वतःच्या तोंडाने मान्य केली. मान्य करताना तिचा चेहरा असा उतरला की मला तिला आधी पाणी द्यावं लागलं आणि मग चहा. तुला हे का लिहिते आहे ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू पुढचं न वाचता पत्र घडी करून ठेवशील, तुझी खोड मला ठाऊक आहे. आणि अजून तुला दुसऱ्या म्हणते म्हणून रागावू नकोस. एक माणूस वर, अंतराळात पाठवायचा होता आणि तयार दोन केले होते. पहिला, ज्याचा फोटो वर्षभर आधीपासून भिंतीभिंतीवर लागला होता, त्याला आम्ही चष्म्याच्या कार्यशाळेतल्या तिघीजणी पोस्टर म्हणायचो. तो ऐनवेळी आजारी पडला तर जायचं म्हणून ठेवलेला तू दुसरा. एक्केचाळीस वर्षं झाली, मला तुझं दुसरं नाव तोंडात बसत नाही.

ती मुलगी आली तीच मुळी पांढरे हातमोजे घालून. बरोबर कापसात गुंडाळलेला डबा, आणि वही. सामानाच्या जुन्या यादीत आमच्या कार्यशाळेचं नाव सापडलं, तिथल्या तिघींपैकी मी एकटी उरलेली, म्हणून माझ्याकडे. नवं दालन उघडायचं आहे, तेव्हा ‘हाच तो गॉगल’ अशी दोन ओळींची सही हवी होती. मी डबा उघडला आणि मला हसू आवरेना. काड्या कानामागे वाकवलेल्या! आपल्या काड्या सुईसारख्या सरळ असायच्या, हेल्मेटखालून सरकाव्यात म्हणून. एवढं त्या दालनाच्या माहितीफलकावरसुद्धा लिहिलंय म्हणे, म्हणजे फलक एक सांगतोय आणि त्याच्याखालचा गॉगल दुसरंच. मी तिचा फोन मागितला, पडदा उजळ करून टेबलावर ठेवला, गॉगल त्याच्यावर धरला आणि हळूहळू फिरवला. पाव फेऱ्यात पडदा काळाठिक्कर. ‘काकू, फोन बंद पडला,’ ती म्हणाली. म्हटलं, फोन चालू आहे बाळा, तुझं कपाट बंद पडलं. मग तिला समजावलं. ही चकाकी कापणारी काच आहे. मासे धरणाऱ्याला उत्तम, पण वर जाणाऱ्याला वर्ज्य, कारण यंत्रांचे काही पडदे तिच्यातून दिसेनासे होतात आणि ताण बसलेल्या खिडकीवर रंगीत डाग उठतात. तसली काच आम्ही कार्यशाळेच्या उंबऱ्याच्या आत घेतली नव्हती. संग्रहालयाला द्यायला हा गॉगल पोस्टरने कुठल्याशा दुकानातून उचललाय आणि कंपनीचं नाव नखाने खरवडून काढलंय. खरवडलेलं दिसतंसुद्धा. खोटं करायचं तर निदान नीट करावं, पण तेवढीही मेहनत नाही.

मुलगी प्रामाणिक. तिने तिथूनच, माझ्यासमोर, पोस्टरला फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्याचा आवाज अजून तसाच आहे, गळ्यात मध आणि मधाखाली काही नाही. ‘कोण? त्या काचा घासणाऱ्या बाई? अजून आहेत का?’ आहे म्हटलं मी, पण त्याच्या कानापर्यंत पोचलं नसावं, त्याला स्वतःखेरीज कुणाचं ऐकायची सवय कधी होती? मग म्हणाला, ‘हे बघा, माझ्याकडे तेव्हा दहा गॉगल होते, कुठला नेला ते कोण लक्षात ठेवतं. लोकांना गॉगल बघायचाय ना? मग बघू द्या की.’ असा हा आपला इतिहास. या माणसाने आजवर किती चष्म्याच्या दुकानांच्या फिती कापल्या ते त्याचं त्यालाही माहीत नसेल. दरवर्षी एकदा तरी कुठल्या ना कुठल्या मंचावर, छपराखाली बसून, गॉगल घालून, ‘त्या काळ्या काचेतून मी पृथ्वी पाहिली आणि माझे डोळे उघडले’ हे वाक्य म्हणतो आणि लोक टाळ्या वाजवतात. माझी भाची टीव्ही बंद करते, नाहीतर माझं रक्त उकळतं.

आणि त्या दालनाचं नाव ऐक. ‘अंतराळ-संशोधनाच्या इतिहासात गॉगलचं स्थान’. मुलीने सगळे मजकूर दाखवायला आणले होते. पहिल्या विमानवाल्यांचे चष्मे वाफ धरायचे, मग थेंबाच्या आकाराच्या काचा आल्या, खाली पाहिलं तरी डोळा उघडा पडू नये म्हणून. इथपर्यंत ठीक, खरं आहे. पण पुढे सगळीकडे रुबाब, धाडस, बेफिकिरी! गॉगल म्हणजे शौर्याची खूण! बाहेर पडताना छोट्या दुकानात प्लास्टिकचे तसलेच गॉगल ठेवणार आहेत, पोरांनी घालून फोटो काढावेत म्हणून. एका ओळीतही लिहिलेलं नाही की तो गॉगल द्यावा लागला कारण त्या पहिल्या हेल्मेटला काळी झडप बसवायला वेळच मिळाला नव्हता. वर सूर्य आणि डोळा यांच्यात हवाच नाही, आणि यांची झडप तयार नाही. मग तीन बायकांना सांगितलं, गॉगल करा. तारीख आधी ठरली होती, शौर्य मागाहून आलं.

तुला आमची पद्धत आठवते ना? काच घासून झाली की तिच्यावर माणसाच्या उंचीवरून पोलादी गोळी सोडायची. फुटली तर पहिल्यापासून सुरुवात. टिकली तर हिऱ्याच्या टोकाने कडेला ठिपके टोचायचे, फ्रेमच्या आत लपतील असे. थोरलीचा एक, मधलीचे दोन, माझे तीन. काच कुणाच्या हातची, ते फ्रेम उघडल्याशिवाय कळायचं नाही आणि उघडल्यावर लपायचं नाही. तू माप द्यायला आलास तो दिवस मी विसरलेली नाही. मी अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावायला स्टुलावर चढले होते, तक्ता अजून माझ्या बगलेत गुंडाळलेला, आणि तू डाव्या डोळ्यासाठी शेवटची ओळ धाडधाड म्हणून दाखवलीस! न लावलेला तक्ता वाचणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी स्टुलावरून वळून बघितलं तर तुझे कान लाल. डॉक्टरांपुढे दोन वर्षं तू तो तक्ता पाठ म्हणूनच पास होत होतास. मी तक्ता खाली ठेवला आणि हसत सुटले. माझं जे काही व्हायचं ते त्या हसण्यातच होऊन गेलं.

पुढचं काम माझं. तू मागितलं नव्हतंस, हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे. तू फक्त म्हणालास, ‘कुणाला सांगू नकोस.’ डाव्या काचेत नंबर घालायचं मी ठरवलं. तिरक्या रेषा पुसट दिसतात तो सिलिंडरचा नंबर, फार नाही, पण जितका होता तितका पुरेपूर. जेवणाच्या सुट्टीत दोघी बाहेर गेल्या की घासायचे. कागदावर नोंद नाही, फक्त तीन ठिपके. काळ्या काचेतला नंबर वरवर पाहून ओळखू येत नाही. तो गॉगल घालून तू पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलंस आणि समोरच्या इमारतीवरच्या तारा मोजायला लागलास. मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नकोस. उंटावरची शहाणी.

मग ती सकाळ. ती मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, तूच सांगितलीस, पण इतक्यांदा मनात घोळवली आहे की आता ती माझीच झाली आहे. पोस्टर कपडे बदलण्याच्या खोलीत स्वतःचा गॉगल विसरला. विसरला म्हणजे काय, आरशात पाहण्यात गुंतला असणार. गाडीतून उतरताना फोटोवाले दिसले आणि साहेबांना चेहरा उघडा वाटायला लागला. तू राखीव म्हणून पूर्ण तयारीत शेजारीच होतास. ‘दे रे तुझा जरा, शिडीपाशी परत देतो.’ तू दिलास. शिडीपाशीही फोटोवाले होते. हेल्मेट तिथेच, गॉगलसकट, डोक्यावर बसवलं गेलं आणि फिरवून बंद झालं. त्या उड्डाणात ते उतरेपर्यंत उघडायचं नव्हतं. सामानाच्या यादीत लिहिलं होतं, ‘गॉगल, एक’, आणि वर गेलाही एकच. वजन बरोबर, यादी बरोबर, सगळे खूश. इतका मोठा कारखाना, इतके शहाणे लोक, आणि एकानेही विचारलं नाही की बाबांनो, गॉगल कुणाचा?

उरलेली गोष्ट तुझी. तिसऱ्या फेरीत ऊन खिडकीतून आत आलं, आणि आतल्या हवेच्या दाबाचा काटा होता त्याच्या अगदी डाव्या हाताला, हेल्मेटच्या कडेशी, जिथे उजव्या डोळ्याला नाक आड येतं. निरोगी डोळ्यावर तुझा नंबर. रेषा हलल्या, काट्याचे दोन झाले आणि त्याने खालचा वाचला. खाली रेडिओवर त्याच्याशी बोलायला तू बसला होतास. दाब उतरतोय असं त्याने सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि तू नियमाप्रमाणे त्याला दोन फेऱ्या आधी खाली बोलावलंस. माणूस जिवंत उतरला, ठरल्या जागेपासून लांब. शोधायला सहा तास लागले. काटा तपासला तर ठणठणीत. मग चौकशी बसली. पोस्टर म्हणाला, ‘मी वर शांत होतो. खाली कुणीतरी घाबरलं.’ चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. टेपवर त्याचाच आवाज होता, तरी समितीने निष्कर्ष काढला की रेडिओवरच्या अधिकाऱ्याने खात्री न करता घाई केली. पोस्टरच्या मिरवणुका निघाल्या आणि तुझी बदली कागद फिरवायच्या खोलीत झाली.

त्यानंतर आठवड्याने तो कार्यशाळेत आला, तेव्हा थोरली आणि मधली माना वर करकरून बघत होत्या. त्याने गॉगल माझ्या टेबलावर टाकला. ‘बाई, काय घाण काचा करता हो तुम्ही, डोकं दुखलं दिवसभर. टाकून द्या.’ आणि गेला. त्याला आजही कळलेलं नाही की आपलं डोकं का दुखलं. माझ्या तिरस्काराला इतकी वर्षं खाद्य पुरवलं ते या वाक्याने. लबाड माणसाला निदान आपण काय लपवतोय ते ठाऊक असतं. हा तर दुसऱ्याच्या डोळ्याने जग पाहून आला आणि त्याला पत्ताही नाही. मी फ्रेम उघडली, तीन ठिपके पाहिले, आणि गॉगल टाकून दिला नाही. तो आज माझ्या बटणांच्या डब्यात आहे. काल मुलगी कपातला चहा फुंकत होती तेव्हा तो डबा तिच्या कोपराला लागून होता.

तुझ्याबद्दलही थोडं लिहिते, कारण तिरस्कार एकट्या पोस्टरलाच का द्यावा. चौकशी बसली त्या संध्याकाळी तू कार्यशाळेच्या मागच्या जिन्यात आलास आणि सगळं एका दमात सांगितलंस. पोस्टर उतरल्या क्षणी तुला कळलं होतं की त्याला काटा असा का दिसला. मी विचारलं, आपण समितीला सांगायचं का? तू म्हणालास, ‘तुझी नोकरी जाईल, माझा तक्ता बाहेर पडेल, आणि काटा दुरुस्तच होता ना.’ मोठा उदार आव आणलास. मग मूग गिळून बसलास, राजीनामा दिलास, दुसऱ्या गावी गेलास आणि मला न विचारता मलाही मोकळं केलंस. ज्याला पृथ्वीला फेऱ्या मारायच्या होत्या तो तीस वर्षं लोकांना गाडी मागे कशी घ्यायची ते शिकवत बसला. तुझं लग्न झालं, माझंही झालं, दोन्ही चांगली झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वर्षाला एक पत्र पाठवतोस आणि त्यात पाऊस किती पडला, गुडघा कसा आहे, एवढंच. तुझ्या त्यागाची मला चीड येते. त्याग करणारा माणूस दुसऱ्याला कायमचा मिंधा करून ठेवतो आणि वर साधा दिसतो.

आता कारण. मुलीच्या वहीत नव्या दालनातल्या शेवटच्या फलकाचा मजकूर होता. तुझा फोटो आहे, रेडिओपाशी बसलेला, कान लाल असावेत तसा. खाली लिहिलंय, ‘जमिनीवरील सहकाऱ्याच्या घाबरटपणामुळे पहिलं उड्डाण दोन फेऱ्या आधी संपवावं लागलं.’ आजवर हे चौकशीच्या कागदात होतं, आणि तो कागद कोण वाचतो? आता शाळांच्या सहली वाचतील, प्लास्टिकचे गॉगल घालून. ते वाचताना मला तुझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाचा दिवस आठवला. मांडवामागच्या पायरीवर मी चप्पल शोधत होते, तेव्हा तुझी धाकटी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, ‘काकू, तुम्ही तेव्हा तिथे कामाला होतात ना? बाबा खरंच घाबरले होते का हो?’ मी काय म्हणाले माहीत आहे? ‘मी आपली काचा घासायचे गं, मला काय कळतंय त्यातलं.’ पोस्टरने जे म्हटलं असतं, तेच. ती मान हलवून उठून गेली, आणि तिचा विश्वास बसला हे मला तिच्या पाठीवरून दिसलं. त्या दिवसापासून मी पोस्टरला शिव्या देते तेव्हा मला मध्येच थांबावं लागतं. तू नाही म्हणालास म्हणून मी गप्प बसले, असं मी एक्केचाळीस वर्षं स्वतःला सांगत आले. खरं असं आहे की तू नाही म्हणालास आणि मला हायसं वाटलं. नंबर मी घातला, नोंद मी केली नाही, दोष तू घेतलास, नोकरी माझी टिकली, आणि निवृत्तीला मला फुलांचा गुच्छ मिळाला.

तेव्हा मी तुझी परवानगी मागत नाही. पुढच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता ती मुलगी नंबर मोजायचं यंत्र घेऊन माझ्याकडे येणार आहे; खरा गॉगल कुठे आहे ते तेव्हा सांगेन, एवढंच मी तिला म्हटलंय. मी बटणांचा डबा तिच्यासमोर उघडेन, फ्रेम उघडेन, ठिपके दाखवेन, डावी काच यंत्राखाली धरेन आणि तिरकी रेष किती अंशांवर आहे ते तिला लिहून घ्यायला सांगेन. मग न लावलेल्या तक्त्यापासून सगळं सांगेन, माझ्या सहीनिशी. ती हुशार आहे, ती विचारेल की हा नंबर त्याचाच कशावरून. त्याला एकच साक्षीदार आहे आणि तो तुझ्या नाकाच्या डाव्या बाजूला आहे. वयाने नंबर थोडा वरखाली झाला असेल, रेषेचा कल फार सरकत नाही. तर सोमवारच्या आधी कुठल्याही चष्म्याच्या दुकानात जा, डावा डोळा तपासून घे आणि कागद खिशात ठेव. तक्ता पाठ म्हणू नकोस. बरोबर धाकटीला ने. सोमवारी बाराच्या सुमारास तुझा फोन वाजेल. तो आधी तिच्या हाती दे.

तुझीच,
काचवाली